आईची भिंत आणि भीमबेटका

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग उन्हाळा, मग पाहुणे... असो.

कारण घडलं ते असं. माझ्या भाचीची लेक सहावीत आहे. शाळेच्या सहलीत ती रत्नागिरीला गेली होती. तिने कातळावर कोरलेल्या हत्तीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आजी, तू हिस्ट्रीची टीचर ना? मग सांग, हे कोणी काढलं आणि का?" मी लगेच मोबाइलवर उत्तर टाइप करायला घेतलं. 'कोणी' पर्यंत जेमतेम पोचले. 'का' शी मात्र थांबले, ती थांबलेच. शेवटी "सविस्तर लिहिते" असं कळवून सुटका करून घेतली. तेच हे सविस्तर.

आमच्या अक्कलकोटला आदिमानवाच्या चित्रांची गुहा नाही. असायचं कारणही नाही. आपला सगळा मुलूख काळ्या कातळाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा. त्यात माणसांनी कोरलेली लेणी होतात. पण ऊनपावसापासून आडोसा देणाऱ्या, चित्र काढण्याजोग्या गुळगुळीत भिंतीच्या नैसर्गिक कपारी त्यात क्वचितच बनतात. त्या विंध्य-सातपुड्याच्या वालुकाश्मात बनतात. त्यामुळे गुहाचित्रं मी मुलांना शिकवली ती पाठ्यपुस्तकातल्या अंगठ्याएवढ्या चित्रावरून. पुस्तकातलं उत्तर ठरलेलं होतं : शिकार चांगली मिळावी म्हणून आदिमानव गुहेत प्राण्यांची चित्रे काढत असे. तेहतीस वर्षं मी हे उत्तर फळ्यावर लिहिलं.

एका वर्षी पाचवीतल्या एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, "त्यांना चित्र काढावंसं वाटलं म्हणून त्यांनी काढलं." चारपैकी एक गुण दिला. तोही अक्षर चांगलं म्हणून. ती काही बोलली नाही. पण पेपर हातात घेऊन जागेवर जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं, ते अजून डोळ्यासमोर आहे.

निवृत्तीनंतर २००९ साली आम्ही दोघं सोलापूरहून रेल्वेने भोपाळला गेलो आणि तिथून भीमबेटका पाहिलं. भोपाळच्या दक्षिणेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर. भीमाची बैठक म्हणून भीमबेटका. आपल्याकडे जसं कुठल्याही जुन्या दगडी कामाला 'पांडवांनी एका रात्रीत केलं' म्हणतात, तसंच तिकडेही.

या जागेचा शोध आपल्या एका मराठी माणसाने लावला, हे मला तिथे गेल्यावर कळलं. इतिहासाच्या शिक्षिकेला! डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. जन्म १९१९ सालचा, नीमचचा. पुढे उज्जैन ही कर्मभूमी. मुळात चित्रकार. १९५७ साली रेल्वेने जाताना त्यांना खिडकीतून दूरच्या डोंगरावर चमत्कारिक आकाराचे खडक दिसले. असे खडक आहेत तिथे कपारी असणार आणि कपारी असतील तिथे चित्रं असू शकतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते तिथवर गेले, आणि चित्रं होती! एकदोन नव्हे. त्या परिसरात आज सातशेहून जास्त कपारींची नोंद आहे. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये ते गेले. २००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

गंमत अशी की भीमबेटक्याचं नाव त्याच्या कितीतरी आधी, १८८८ साली कागदावर आलेलं होतं. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भोजपूरच्या तलावाविषयी लिहिताना, तिथल्या आदिवासींकडून ऐकलेल्या माहितीवरून ही बौद्धांची जागा असल्याचं नमूद केलं होतं. म्हणजे नोंद झाली, पण ती ऐकीव आणि चुकीची. खरी नोंद व्हायला सत्तर वर्षं जावी लागली.

तर सांगायचा मुद्दा हा, की चित्र सापडणं वेगळं, त्याची नोंद करणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावणं आणखी वेगळं. आम्ही शाळेत फक्त तिसरी गोष्ट शिकवली, आणि तीही एका ओळीत.

नोंद म्हणजे काय, ते जरा सांगते. नुसता फोटो काढला की झालं, असं नाही. कपारीचं तोंड कोणत्या दिशेला, चित्र जमिनीपासून किती उंच, लांबीरुंदी किती, रंग कोणता, रेषा भरीव की पोकळ, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणतं चित्र कोणाच्या वर काढलं आहे. भीमबेटक्याला एकाच भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या माणसं चित्रं काढत गेली. जुनं पुसलं नाही, त्यावरच नवं काढलं. खालचं ते आधीचं, वरचं ते नंतरचं. हा क्रम लावत गेलं की अश्मयुगातले हरणामागे धावणारे शिकारी आणि कितीतरी नंतरचे घोड्यावरचे तलवारवाले स्वार वेगळे करता येतात. आमच्या डोळ्यांना तो नुसता गुंता दिसला होता.

रंग बहुतेक गेरूचा, म्हणजे आपली काव. आणि पांढरा. घासून झिजलेले गेरूचे तुकडे तिथे उत्खननात मिळाले आहेत. पण हा गेरूच अभ्यासकांची अडचण करतो. कोळसा, हाड, लाकूड असल्या वस्तूंचं वय कार्बनवरून काढता येतं, गेरू पडला खनिज. त्याचं वय असं निघत नाही. त्यामुळे 'ही चित्रं किती जुनी' या प्रश्नावर विद्वानांत मतभेद आहेत. वाकणकरांनी काही हिरवी चित्रं सर्वांत जुनी, पुराश्मयुगाच्या अखेरची मानली. दुसऱ्या कित्येकांना चित्रांची सुरुवात त्यानंतरच्या मध्याश्मयुगातली वाटते. चित्रावर चुनखडीचा पापुद्रा धरला असेल तर त्या पापुद्र्याचं वय मोजता येतं आणि चित्र निदान तितकं तरी जुनं, असं म्हणता येतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या एका चित्राचं वय अशा रीतीने निदान ५१,२०० वर्षं निघालं, ते २०२४ साली जाहीर झालं.

पूर्वी नोंद करतानाच पुष्कळ चित्रांचं नुकसान झालं आहे. फिकट रेषा उठून दिसाव्यात म्हणून लोक भिंतीवर पाणी मारत, रॉकेल चोळत, खडूने कड गिरवत. हेतू चांगलाच, पण भिंत कायमची खराब. आता स्पर्श न करता काम करायची रीत आहे. फोटो घ्यायचा आणि संगणकावर त्यातला रंग उठावदार करायचा. अमेरिकेतल्या जॉन हार्मन यांनी २००५ च्या सुमारास त्यासाठी 'डी-स्ट्रेच' नावाची युक्ती तयार केली. नुसत्या डोळ्यांना कोरी वाटणारी भिंत तिच्यामुळे बोलू लागते.

तरीही हाताने काढलेल्या प्रतीचं मोल कमी होत नाही. यशोधर मठपाल हे मूळचे कुमाऊँकडचे चित्रकार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भीमबेटक्यावर संशोधन केलं. कपारीकपारीत बसून जलरंगात चित्रांच्या प्रती केल्या. त्यांचं पुस्तक १९८४ साली निघालं. पाठीत उसण भरेस्तोवर एकेका आकृतीसमोर बसणाऱ्या माणसाला जे दिसतं, ते आपल्यासारख्या तासाभरात फिरून येणाऱ्याला कसं दिसणार?

आम्हाला तिथे एक माहितगार भेटले. भलते उत्साही. "ये शादी है, ये युद्ध है, ये राजा है," असं ते भराभर सांगत होते. एका खडकावर एक भलंमोठं जनावर काढलेलं आहे. तोंड रानडुकराचं, डोक्यावर मात्र शिंगं. त्याच्यापुढे एक चिमुकलं माणूस आणि जवळ खेकडा. माहितगारांनी एका श्वासात त्याची गोष्ट सांगून टाकली. आमचे हे हळूच म्हणाले, "तुझा वर्ग आठवला." मी रागावले. पण रागावले म्हणजे ते खरंच होतं.

अर्थ लावणाऱ्यांचा इतिहास मी पुढे हाती लागेल तसा वाचला. फार शिकण्यासारखा आहे. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेतले रानबैल १८७९ साली सौतुओला यांच्या लहान मुलीला छतावर दिसले. त्यांनी ती चित्रं प्राचीन असल्याचं जाहीर केलं, तर मोठमोठ्या विद्वानांनी त्यांना खोटं पाडलं. रानटी माणसाला इतकं सुंदर काढता येणं शक्यच नाही म्हणे! १८८८ साली सौतुओला वारले. त्यांच्या मोठ्या विरोधकांपैकी एक, कार्तेलाक, यांनी १९०२ साली आपली चूक लेख लिहून कबूल केली. उशिरा केली, पण छापून केली. (माझ्या त्या विद्यार्थिनीची मी अजून केलेली नाही.)

मग आब्बे ब्रय आले, शिकारीच्या जादूटोण्याचा अर्थ सर्वत्र रुजवणारे. आमच्या पाठ्यपुस्तकातलं उत्तर तेच. त्यांच्यानंतर लेर्वा-गुर्‍हान यांनी गुहेतली चित्रांची मांडणी मोजून निराळाच अर्थ काढला. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या लुइस-विल्यम्स यांनी सांगितलं, की अंगात आलेल्या भगतांना जे दिसायचं ते हे असावं. त्यांच्या म्हणण्याला एक आधार होता. १८७० च्या दशकात ब्लीक आणि लॉइड या दोघांनी तिथल्या सान लोकांचं बोलणं त्यांच्याच भाषेत वह्यांमध्ये उतरवून ठेवलं होतं. त्या वह्या नसत्या तर सगळा तर्कच.

म्हणजे दर पिढीला अर्थ बदलला. प्रती मात्र राहिल्या. पण इथेही एक मेख आहे, प्रतही निर्मळ नसते. फ्रान्समधल्या त्र्वा-फ्रेर गुहेतला ब्रय यांनी काढून आणलेला 'मांत्रिक' प्रसिद्ध आहे, डोक्यावर सांबरशिंगं असलेला. फोटोत ती शिंगं नीट दिसत नाहीत. म्हणून काहीजण म्हणाले, ती ब्रय यांच्याच मनातली. ज्यां क्लॉट यांनी गुहेत पाहून सांगितलं, नाही, रेषा कोरलेल्या आहेत, फोटोत येत नाहीत इतकंच. बघा, पाहणाऱ्याच्या हातातूनसुद्धा अर्थ हळूच कागदावर उतरतो की काय, अशी शंका कायम राहते.

आणि भीमबेटक्याचीच एक ताजी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या सभागृहासारख्या मोठ्या गुहेत पानाच्या शिरांसारखा एक ठसा परदेशी भूशास्त्रज्ञांना दिसला. हा 'डिकिन्सोनिया' नावाच्या पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म, असं २०२१ साली जाहीर झालं. केवढा गाजावाजा! २०२३ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तो ठसा झडत चालला आहे, आणि ते आहे आग्यामोहोळाच्या जुन्या पोळ्याचं मेण. ज्यांनी शोध लावला होता त्या रेटॅलॅक यांनीही ते मान्य केलं. मला हसू आलं नाही, आदर वाटला. त्यांनी फोटो आणि मापं छापली होती, म्हणून तर दुसऱ्याला चूक दाखवता आली. विशेष म्हणजे भीमबेटक्याच्या चित्रांत मध काढणारी माणसंही आहेत. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पोळं लगेच ओळखलं असतं!

आता कोकणातल्या हत्तीकडे येते. हा गुहेत नाही, उघड्या सड्यावर, जांभ्या दगडात कोरलेला आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी २०१२ पासून पायपीट करून, गावकऱ्यांना विचारून विचारून रत्नागिरी-सिंधुदुर्गातली अशी शेकडो कातळशिल्पं उजेडात आणली. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृती. जमिनीवर उभं राहून तो पुरता दिसतच नाही, ड्रोनने वरून फोटो घ्यावा लागतो. मग काढणाऱ्याने तो कोणाला दिसावा म्हणून काढला? काही ठिकाणी गेंडा आहे. कोकणात आज गेंडा कुठे आहे? बारसूला दोन वाघांच्या मधोमध माणूस आहे. त्याचा संबंध कोणी थेट सिंधू संस्कृतीच्या मुद्रांशी लावतात. असेल, नसेल. २०२२ साली महाराष्ट्रातल्या आठ आणि गोव्यातल्या फणसामळ अशा नऊ जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या आहेत. पण यादी म्हणजे कुंपण नव्हे. चिऱ्याची खाण, रस्ता, घराचा पाया... सड्यावरचं चित्र एका दिवसात नाहीसं होऊ शकतं. म्हणून अर्थाच्या आधी नोंदीची घाई.

इथवर आल्यावर मला आमच्या घरची भिंत आठवली. खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच आहे.

अण्णा आणि अक्का हे वाचतीलच, म्हणून जपून लिहिते. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीवर आई नागपंचमीला चुन्याचा चौकोन सारवून त्यावर गेरूने चित्र काढायची. नाग, सूर्य-चंद्र, शिडीसारखं काहीतरी, आणि उजव्या अंगाला हात वर केलेली एक आकृती. हे चित्र पुढच्या पंचमीपर्यंत तसंच राहायचं. मग त्यावर पुन्हा चुना आणि नवं चित्र. ती आकृती कोणाची, हे मी आईला कधीही विचारलं नाही. जगातल्या पोरांना "प्रश्न विचारा" म्हणून सांगत फिरले, आणि स्वतःच्या आईला एवढं विचारलं नाही.

१९९६ साली घर पाडलं. भिंतीचा गिलावा कोसळला तेव्हा मी तिथे उभी होते. एका ढेकळाच्या कडेला पांढऱ्या थरांत मधूनमधून बारीक तांबड्या रेघा दिसत होत्या. पांढरा, तांबडा, पांढरा, तांबडा. आईची पन्नासेक वर्षं. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ते ढेकूळ मी हातात घेतलं आणि धुळीची साडीला पुसपास करून पुन्हा टाकून दिलं. भीमबेटका पाहून आल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही, ती या ढेकळामुळे.

गेल्या महिन्यात मी अण्णा आणि अक्काला फोन करून सांगितलं, की एकमेकांशी न बोलता ती भिंत आठवेल तशी कागदावर काढा आणि पाठवा. मीही काढली. तिन्ही कागद समोर ठेवले. माझ्या कागदावर नऊ नाग, अण्णाच्या सात, अक्काच्या नऊ आणि दोन पिल्लं. ती आकृती अण्णाने पुरुषाची काढली, हातात काठी. म्हणतो, कहाणीतला नांगरवाला शेतकरी. अक्काने बाईची काढली, नागाला भाऊ मानणारी बहीण म्हणून. मी डोक्याभोवती किरण काढले. एकाच आईची तीन लेकरं, एकाच चुलीसमोर जेवलेली, आणि साठ वर्षांत ही गत! मग दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातलं मी फळ्यावर एका ओळीत कसं लिहीत होते?

मग पेटी उपसली. १९८३ च्या मुंजीतला एक काळापांढरा फोटो निघाला. त्यात काकांच्या खांद्यामागे भिंतीचा तुकडा आला आहे. आकृतीचं डोकं काकांच्या टोपीने झाकलंय, नेमकं! पण वर केलेला एक हात स्वच्छ दिसतो. त्याला तीनच बोटं आहेत. आम्हा तिघांपैकी कोणालाही हे आठवलं नव्हतं. तिघांनीही कागदावर पाच बोटं काढली होती.

तेव्हा मी एक वही केली आहे. डाव्या पानावर 'दिसलं ते', उजव्या पानावर 'वाटलं ते'. तीन बोटं डावीकडे. शेतकरी, बहीण, किरण हे सगळं उजवीकडे. आईचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलखातलं. तिकडे अशी आकृती काढतात का, हा प्रश्नही उजवीकडेच.

नातेवाईकांना विनंती : कोणाकडे त्या स्वयंपाकघरातला फोटो असेल, मुंजीतला, डोहाळजेवणातला, कसलाही, तर पाठवा. भिंतीचा कोपरा आला असला तरी चालेल. मामेभावंडांनी आपापल्या घरी पंचमीला काय काढायचे ते आधी कागदावर काढा, मग अर्थ सांगा. क्रम उलटा करू नका. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी अजून कोणी आजी भिंतीवर, उंबऱ्यावर काही काढत असेल तर फोटो घ्या, मापं घ्या, आणि ती आहे तोवर तिलाच विचारा. ती "असंच, आमची आई काढायची" म्हणाली तर तेही तसंच्या तसं लिहा.

आता राहिला नातीचा प्रश्न. बाळा, तो हत्ती कोणी काढला? ज्याने हत्ती नीट पाहिला होता अशा माणसाने. का काढला? ते ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला गेलीस तर बाजूला उभी राहून वहीत त्याचं चित्र काढ, पावलांनी लांबी मोज, शेजारी काय आहे ते लिही. कारण त्यानंतर शोधू.

आणि पाचवीतली ती मुलगी आज चाळिशी ओलांडून गेली असेल. कुठे असेल ती असो. तिचं उत्तर बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण माझं बरोबर होतं, असंही आता म्हणता येत नाही. चारपैकी एक गुण चुकला. तो मी इथे सुधारून, चारपैकी चार करते.